१४ टक्के प्रथिने अंगी का लागत नाहीत?

वाचकांचे प्रश्न : पशुआहार

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सांगोला तालुक्यात उस्मानाबादी शेळ्या सांभाळतो. पेंडीचे भाव परवडेनात, म्हणून बांधावरच्या बाभळींचा पाला सुकवून साठवला. लॅबमध्ये तपासून घेतला, तर प्रथिने १४ टक्के आली. म्हणून करडांची पेंड पूर्ण बंद केली आणि हा पाला व कडब्याची कुट्टी सुरू केली. करडं खातात, पण वजन जागचं हलत नाही. लॅबचा रिपोर्ट चुकीचा आहे का?
— एक शेळीपालक, सांगोला

उत्तर : दादा, रिपोर्ट बरोबर असणार. बाभळीच्या पाल्यात साधारण तेवढीच प्रथिने येतात. फक्त त्या रिपोर्टनं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, तो तुमचा प्रश्नच नव्हता. तुम्हाला हवं होतं ते हे, की यातलं माझ्या करडाच्या रक्तात किती उतरेल.

चारा तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हा आकडा कसा निघतो ते सांगते. पाल्याची पूड तीव्र गंधकाम्लात उकळतात. त्यात पाल्याचं सगळं विघटन होतं आणि नायट्रोजन तेवढा मोजता येतो. केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये ही पद्धत शोधली आणि जगभर ती आजही चालते. आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं, की ‘कच्ची प्रथिने’ तयार. उकळत्या आम्लापुढं काहीच टिकत नाही, त्यामुळे मोकळं प्रथिन आणि जखडलेलं प्रथिन यांतला फरक त्याला कळत नाही. शेळीच्या पोटाला तो कळतो.

बाभळीत प्रथिनाला जखडून ठेवतं ते टॅनिन. ज्या गुणामुळे बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, तोच गुण पाल्यातही आहे. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, तेही टॅनिन आणि लोखंडाचंच काम. मूठभर पाला ठेचून कोमट पाण्यात भिजवा, पाणी गाळून त्यात दोन गंजके खिळे रात्रभर टाकून ठेवा. पाणी शाईसारखं काळं झालं तर समजा, की या पाल्याच्या प्रथिनाचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. टॅनिन नेमकं किती, हे यातून कळणार नाही. पण बाभूळ, शेवरी आणि लसूणघास शेजारी शेजारी भिजवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

आता पोटात काय होतं ते बघू. शेळी पाला चावते तेव्हा पेशी फुटतात आणि टॅनिन प्रथिनाला चिकटतं. कोठीपोटातली, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातली, आम्लता सौम्य असते, सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७. तिथे ही गाठ पक्की राहते, जिवाणूंना ती सोडवता येत नाही. पुढे चौथ्या पोटात सामू ३ च्या खाली जातो, तिथे ती सुटू शकते. टॅनिन बेताचं असेल तर हा फायदाच, कारण प्रथिन जिवाणूंच्या तावडीतून वाचून थेट आतड्यात पोचतं. पण टॅनिन जास्त असलं, की बरंच प्रथिन तसंच लेंडीतून बाहेर पडतं. वर जास्तीचं टॅनिन शेळीच्या स्वतःच्या पाचकरसांनाही धरतं. ऑस्ट्रेलियातल्या एका बाभूळवर्गीय झुडपाचा, अकॅशिया सॅलिग्नाचा, पाला मेंढ्यांना दिल्यावर खाल्ल्यापेक्षा जास्त नायट्रोजन लेंड्यांतून गेल्याचं चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणजे जनावराच्या अंगचंच गेलं.

आमच्याकडे कोठीपोटाला खिडकी बसवलेली एक गाय होती. बारीक विणीच्या नायलॉनच्या पिशव्यांत चाऱ्याची भरड भरायची, पिशव्या खिडकीतून आत सोडायच्या आणि ठरलेल्या तासांनी काढून नळाखाली धुवायच्या. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेतल्या ओर्स्कोव्ह यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचं गणित बसवून दिलं. २४ तासांनी लसूणघासाची पिशवी बाहेर आली, की चपटी. धुतल्यावर तळाशी काड्यांचा फिकट भुगा. बाभळीची पिशवी मात्र फुगलेलीच, आतली भरड काळपट तपकिरी, आणि कितीही धुतलं तरी बोटांना तुरटपणा जाणवावा अशी. ती पिशवी हातात घेतलेल्या विद्यार्थ्याला टॅनिन पुन्हा शिकवावं लागत नसे.

तुमच्या करडांचा हिशेब मांडू. १२-१५ किलोचं करडू दिवसाला सुमारे अर्धा किलो कोरडा चारा खातं. ३०० ग्रॅम बाभळीचा पाला १४ टक्क्यांनी ४२ ग्रॅम प्रथिन देतो. २०० ग्रॅम कडबा ४ टक्क्यांनी ८ ग्रॅम. एकूण ५० ग्रॅम, म्हणजे सरासरी १० टक्के. कागदावर हे वाईट नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मिलफर्ड आणि मिन्सन यांनी १९६५ मध्ये उष्ण प्रदेशातल्या कुरणांच्या चाऱ्यासाठी एक सोपं सूत्र दिलं : कच्च्या प्रथिनाच्या टक्केवारीला ०.९ ने गुणा आणि ३.२५ वजा करा, पचणारं प्रथिन मिळेल. वजा होणारे ३.२५ म्हणजे दर किलो कोरड्या चाऱ्यामागे बत्तीसएक ग्रॅम. ते पोट स्वतः खर्च करतं. आतड्याच्या झिजलेल्या पेशी, पाचकरस, मेलेले जिवाणू, हे सगळं शेणातून जाणारच. म्हणून नुसत्या कडब्याचं बघा : ४ गुणिले ०.९, वजा ३.२५, म्हणजे ०.३५. शंभर ग्रॅम कडब्यामागे अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिन हाती लागत नाही.

हे सूत्र तुमच्या १० टक्क्यांना लावलं तर पावणेसहा टक्के येतात, म्हणजे दिवसाला २८-२९ ग्रॅम. पण टॅनिनवाल्या झाडपाल्याला हे सूत्र लागू पडत नाही. अशा पाल्याचं ३० ते ४० टक्केच प्रथिन पचतं असं धरलं, तर तुमच्या करडाच्या वाट्याला कडब्यासकट १३-१७ ग्रॅम येतात. एवढ्यावर करडू जगतं, वाढत नाही. शिवाय कोठीपोटातल्या जिवाणूंनाही नायट्रोजन लागतो. एकूण चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिन नसेल तर ते उपाशी पडतात, आणि मग कडबाही धड पचत नाही, खाणंही कमी होतं. तुमचे १० टक्के कागदावर ७ च्या वर आहेत, पण त्यातलं जिवाणूंच्या हाती लागणारं कमीच.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण याबद्दल फार गैरसमज आहे. ‘आपल्याकडचा चारा निकृष्ट, थंड देशांतला सकस’ असं सरसकट ऐकायला मिळतं. मिलफर्ड-मिन्सन यांचं सूत्र थंड प्रदेशातल्या चाऱ्यांच्या सूत्राच्या अगदी जवळ जातं. म्हणजे गवत असो की लसूणघासासारखं द्विदल, समान प्रथिन असेल तर ते इथंही जवळपास तितकंच पचतं. आपल्या गवतात प्रथिन मुळातच कमी असतं आणि ते लवकर जून होतं, हा भाग वेगळा. या सूत्राबाहेर पडतो तो झाडपाला, आणि तोही सगळा नाही.

मग करायचं काय? करडांची पेंड आजच परत सुरू करा. पेंड जमत नसेल तर निदान लसूणघास किंवा शेवरी तरी द्या. बाभळीचा पाला एकूण कोरड्या चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या वर नेऊ नका, आणि तो संध्याकाळी द्या, पेंड सकाळी. मोकळं टॅनिन पेंडीचं प्रथिनही धरून ठेवतं, त्यामुळे दोन्ही एका गव्हाणीत, एका वेळी नकोत. पूर्ण वेगळेपणा साधत नाही, पण फरक पडतो. बाभळीच्या शेंगा वाळवून, भरडून थोड्या थोड्या दिल्यात तर चालतील. जून, काळपट पाल्यापेक्षा फांदीच्या शेंड्याचा पाला मऊ असतो हे खरं, पण कोवळ्या पाल्यात टॅनिन कमीच असतं असं समजू नका. काही झाडांत ते उलट असतं.

आणि शेळ्या मोकळ्या सोडता येत असतील तर रोज थोडा वेळ सोडा. माळावरची शेळी एका झाडाशी थांबत नाही. बोरीचे चार घास, मग गवत, मग खाली पडलेली शेंग, मग दुसरंच झुडूप. कुठलंच एक टॅनिन पोटात साठू द्यायचं नाही, हे ती स्वतः सांभाळते. आपण गव्हाणीत एकच पाला टाकून तिची ही निवड काढून घेतो. बंदिस्त शेळीपालनात झाडपाल्यानं दगा दिल्याची जी उदाहरणं मी पाहिली, त्यात बहुतेक ठिकाणी खरं कारण हेच होतं.

प्रश्न : ताई, सुबाभळीत तर २२ टक्के प्रथिन असतं असं वाचून आम्ही अर्धा एकर लावली. चार महिने शेळ्यांना जवळजवळ तेवढंच घालतोय. आता दोन शेळ्यांच्या शेपटीचे आणि पाठीचे केस झडले, एक गाभण शेळी गाभडली. हेही टॅनिनमुळेच का?
— एक वाचक भगिनी, फलटण

उत्तर : ताई, सगळ्यात आधी सुबाभूळ पूर्ण थांबवा. गाभण शेळ्यांना तर या हंगामात मुळीच देऊ नका. शेळी गाभडण्यामागे संसर्गही असू शकतो, म्हणून पशुवैद्यकाला बोलावून रक्त तपासून घ्या आणि ती शेळी इतरांपासून वेगळी बांधा.

केस झडण्याचं कारण मात्र सुबाभूळच दिसतं. टॅनिन तिच्यातही असतं, पण बाभळीपेक्षा बरंच कमी, आणि सुबाभळीचं प्रथिन बऱ्यापैकी पचतं. त्रास देतं ते मिमोसीन नावाचं अमिनो आम्ल. त्यानं केसांची वाढ थांबते. कोठीपोटात त्याचं डीएचपी नावाच्या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होतं, आणि ते गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीला त्रास देतं. मग खाणं कमी होतं, वजन उतरतं, करडं अशक्त जन्मतात.

यामागची हकीकत मला फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीच्या कुरणात गुरं आजारी पडत होती. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे रेमंड जोन्स हवाईला गेले, तर तिथल्या शेळ्या तीच सुबाभूळ भरपूर खाऊन ठणठणीत. पाला तोच होता, म्हणजे फरक पोटातल्या जिवाणूंचा असणार. हवाईच्या शेळीच्या कोठीपोटातला द्रव १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना पाजला, आणि डीएचपीचा त्रास थांबला. त्या जिवाणूचं नाव पुढे १९९२ मध्ये जोन्स यांच्यावरूनच सिनर्जिस्टिस जोन्सी ठेवलं गेलं. क्वीन्सलँडमध्ये आजही गुरांना या जिवाणूंचा द्रव पाजतात. आपल्या कळपात हे जिवाणू किती आहेत हे बघून सांगता येत नाही, म्हणून नियम एकच ठेवा : सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. पाला बंद केल्यावर केस परत येतात.

सुबाभूळ उपटून टाकू नका. उरळीकांचनच्या बाएफ या संस्थेनं, तिचे संस्थापक मणिभाई देसाईंनी, ती महाराष्ट्रात रुजवली तेव्हा कोरडवाहू माणसाला मोठा आधार मिळाला, आणि तो आजही आहे. तुमच्या अर्ध्या एकराच्या कडेनं शेवरी आणि हदगा लावा. दोन्हींत टॅनिन कमी, प्रथिन २० टक्क्यांच्या वर, आणि शेळ्या तुटून पडतात. मिरज भागातल्या पानमळ्यांत वेलीला आधार म्हणून लावलेल्या शेवरी-हदग्याचा पाला शेळ्यांना घालायची रीत जुनी आहे, आणि ती अगदी योग्य आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थजवळ एका डेअरी फार्मवर काम करतो. इथल्या रायग्रास आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या कुरणात वसंतात प्रथिन इतकं असतं की गायींना पेंड लागतच नाही. तरी इथले लोक टॅनिनवाली रोपं लावायचं बोलतात. आपल्याकडे टॅनिन नको, इथे हवं, हे कसं?
— एक वाचक, न्यूझीलंड

उत्तर : तुमच्या गायींची अडचण सांगोल्याच्या करडांच्या नेमकी उलट आहे. वसंतातल्या कुरणात २० ते २५ टक्के, कधी त्याहून जास्त प्रथिन असतं, आणि ते कोठीपोटात फार झपाट्यानं फुटतं. जिवाणूंना वापरता येईल त्याच्या कितीतरी जास्त अमोनिया तयार होतो. तो रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि बराचसा मूत्रावाटे जातो. म्हणजे प्रथिन पचलं, पण गायीच्या कामी आलं नाही. शिवाय क्लोव्हरची विरघळणारी प्रथिने कोठीपोटात फेस धरतात आणि पोटफुगी होते. गाय मुतते त्या जागी नायट्रोजनचा इतका साठा होतो की तो जमिनीतून झिरपून विहिरी-ओढ्यांपर्यंत पोचतो. तुमच्याकडे त्याची चर्चा रोजच होत असेल.

इथे थोडं टॅनिन हवं असतं. तुमच्या शेजारच्या मॅसी विद्यापीठात बॅरी यांनी आणि पामर्स्टन नॉर्थमधल्याच दुसऱ्या संशोधन संस्थेतल्या वॅगहॉर्न यांनी लोटस कॉर्निक्युलेटस या द्विदल चाऱ्यावर मेंढ्यांत काम केलं. कोरड्या वजनाच्या २ ते ४ टक्के टॅनिन असताना कोठीपोटात प्रथिन कमी फुटलं, आतड्यातून अमिनो आम्लं जास्त शोषली गेली आणि लोकर वाढली. टॅनिनवाल्या चाऱ्यानं पोटफुगीही होत नाही. त्याच कुळातली दुसरी जात, लोटस पेडनक्युलेटस, नापीक आम्ल जमिनीत घेतली की तिच्यातलं टॅनिन बरंच वर जातं आणि फायद्याचा तोटा होतो. म्हणजे चाऱ्याचं नाव वाचून निर्णय करू नये, तो कुठल्या जमिनीत वाढला तेही बघावं.

नगर-पुणे पट्ट्यात नुसत्या लसूणघासावर गायी सांभाळणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सकाळी उपाशी पोटी दव पडलेला लसूणघास घालू नका. आधी कडबा किंवा हायब्रीड नेपियर गवताची कुट्टी, मग लसूणघास. जिवाणूंना अमोनिया वापरायला ऊर्जा हवी, म्हणून भरडाही त्याच वेळी द्या.

प्रश्न : गिरिपुष्पाचा पाला शेळ्या हुंगून सोडून देतात. त्यात प्रथिन चांगलं असतं ना?
— एक वाचक, दापोली

उत्तर : चांगलं असतं, २० टक्क्यांच्या आसपास, आणि टॅनिन कमी. अडतं ते वासावर. रात्रभर सावलीत पसरून कोमवा, सकाळी दुसऱ्या पाल्यात मिसळून थोडा थोडा द्या. मोठ्या शेळ्या हट्टी असतात, करडं लवकर शिकतात. घोड्याला मात्र गिरिपुष्प देऊ नये.

प्रश्न : लॅबला पाला पाठवताना कोणती तपासणी सांगायची?
— बऱ्याच वाचकांकडून

उत्तर : ‘प्रथिने’ एवढंच लिहू नका. कच्ची प्रथिने, एडीएफमधील नायट्रोजन आणि एकूण टॅनिन, असं तिन्ही मागा. एडीएफ म्हणजे आम्लयुक्त साबणी द्रावणात उकळूनही न विरघळणारा तंतूचा भाग. अमेरिकेच्या व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्या तंतूत अडकलेला नायट्रोजन जनावराच्या उपयोगाचा जवळजवळ नाहीच, म्हणून तेवढा एकूणातून वजा करा. टॅनिन ५ टक्क्यांच्या वर आलं तर तो पाला पूरक म्हणूनच वापरा, मुख्य चारा म्हणून नाही.

नमुना उन्हात किंवा भट्टीत कडक वाळवू नका. ६० अंशांच्या वर गेलं की प्रथिन तंतूला चिकटतं आणि पाला आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. एका झाडाचा नमुना घेऊ नका, दहा-बारा झाडांवरून घ्या. शेळी जेवढं खाते तेवढंच तोडा, म्हणजे पानं आणि कोवळे शेंडे. जाड डहाळ्या नकोत. सावलीत वाळवून कागदी पिशवीत भरा, वर तारीख आणि झाडाचं नाव लिहा. आणि रिपोर्ट येईपर्यंत करडांची वजनं दर पंधरा दिवसांनी, सकाळी चारा टाकायच्या आधी, एकाच काट्यावर घेत राहा. तो तक्ता पत्रासोबत पाठवलात तर मला उत्तर नेमकं देता येईल.